अहिल्याबाईंच्या कानांवर काय पडत असेल? : त्या काळच्या लोकगाण्यांतून एक चरित्र

पंचवटीकर

नमस्कार. येत्या १३ ऑगस्टला, म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यतिथीला, आमच्या पेठेतल्या वाचनालयाने दोन तासांचा कार्यक्रम करायचे ठरवले असून त्याची जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडली आहे. व्याख्यान कोणाला नको होते आणि नाटकाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्यांचे आयुष्य गाण्यांतून सांगावे असे ठरले. मी उत्साहाच्या भरात एक अटही घालून बसलो. १७२५ ते १७९५ या त्यांच्या हयातीत जे वाद्य मराठी मुलखात किंवा माळव्यात नव्हते ते मंचावर येणार नाही, आणि जे गाणे त्यांच्या कानांवर पडण्याचा संभव नव्हता ते गायले जाणार नाही, अशी ती अट. बैठकीत सर्वांनी माना डोलावल्या. घरी येऊन कागद पुढे ओढला तेव्हा त्या अटीचे वजन कळले.

अट घालण्याचे कारण असे की, २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा मी नाशिकात आणि आसपास असे तीन-चार कार्यक्रम पाहिले. मेहनत सगळीकडे दिसत होती, परंतु एका ठिकाणी खंडेरावांशी झालेल्या लग्नाची वरात नाशिक ढोलाच्या गजरात आली. आपल्या गावाचे नाव दूरवर नेणाऱ्या त्या ढोलाचा मला अभिमान आहे; तरीही वरात १७३३ ची आणि ताल गणेशोत्सवातल्या पथकाचा, हे मला खटकत राहिले. पुढे चौंडीच्या माळरानावरची सकाळ दाखवताना की-बोर्डवर बासरीचा आवाज काढला गेला. प्रेक्षागृहातली माझ्या शेजारची आजी म्हणाली, ‘‘सिरियलच लागल्यासारखी वाटते.’’ तेव्हाच मनात आले की, या बाईंच्या भोवती प्रत्यक्षात कोणते आवाज होते ते एकदा शोधावे.

पहिला अडथळा पेटीचा आला. हार्मोनियम युरोपात तयार झाली तीच १८४० च्या सुमारास, त्यामुळे ती बाद. पण आज गोंधळी, वाघ्ये, भजनी मंडळे, सगळे पेटीवरच उभे आहेत. ज्यांना विचारले त्यांतल्या दोघांनी ‘‘मग सूर कुठून घ्यायचा?’’ असे सरळ विचारले.

दुसरा अडथळा अधिक अवघड आहे. मराठी माणसाला इतिहासपुरुष म्हटला की पोवाडा आठवतो. परंतु आख्यायिका अशी आहे की, संगमनेरचा शाहीर अनंत फंदी आपला तमाशाचा फड घेऊन महेश्वरला गेला, तेव्हा अहिल्याबाईंनी त्याची कानउघाडणी केली की एवढी वाणी लाभलेला माणूस ती असल्या करमणुकीत का घालवतो. आणि फंदीने डफ टाकून कीर्तनाची वाट धरली. ज्या बाईंनी डफ खाली ठेवायला लावला त्यांचे चरित्र आपण डफावर गाणार का? जाणकारांनी मत द्यावे.

डफतुणतुणे

धागा उत्तम आहे. मी वडिलांच्या मागे झीलकरी, म्हणजे पोवाड्याचे पालुपद धरणारा साथीदार, म्हणून उभा राहत मोठा झालो, त्यामुळे थोडे वाद्यांकडून सांगतो.

डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्यांवर पोवाडा पूर्ण उभा राहतो. सूर तुणतुण्याचा घ्यावा. त्याला एकच तार असते, ती खालच्या कातड्यातून वर खुंटीपर्यंत गेलेली असते आणि खुंटी पिळली की हवा तो सूर मिळतो. गाणाऱ्याने आधी आपली पट्टी ठरवायची आणि तुणतुणेवाल्याने ती धरून ठेवायची. पेटीवर वाढलेल्या गायकाला पहिले आठ दिवस हे पांगळे झाल्यासारखे वाटते, कारण पेटी प्रत्येक शब्दाला हात देते आणि तुणतुणे फक्त घराचा पत्ता सांगत राहते. आठ दिवसांनी गळा आपोआप मोकळा होतो.

मात्र १३ ऑगस्ट म्हणजे नाशिकचा भर पाऊस. डफाचे कातडे त्या दमट हवेत उतरते आणि थाप ‘धप्प’ अशी मेलेली येते. आम्ही विंगेत पत्र्याच्या डब्यात कागद पेटवून त्यावर डफ फिरवत असू. बोटाने टिचकी मारली की खणखणीत उत्तर यायला हवे. आताची सभागृहे आग पेटवू देत नाहीत, तेव्हा विजेची शेगडी सोबत ठेवा आणि दोन डफ आलटून पालटून वापरा. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मुलाला आधीच बजावून ठेवा की आवाजाला घुमारा लावायचा नाही. आमच्या एका प्रयोगात तो लावला गेला आणि सगळा चौक, म्हणजे पोवाड्याचा तो भाग, देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा झाला. शब्द म्हणून कळला नाही.

पोवाड्याविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या. घटना १६५९ ची, आणि शाहिराला सोन्याचा तोडा आणि घोडा बक्षीस मिळाल्याचे त्या रचनेतच आलेले आहे. म्हणजे पोवाडा ही लढाईची बातमी होती, आणि ती दरबारासमोर मोठ्या आवाजात सांगितली जाई. अहिल्याबाईंच्या आयुष्यात अशी बातमी होण्यासारखे प्रसंग आहेत, पण थोडे. घाट, धर्मशाळा, विहिरी आणि न्यायनिवाडे यांवर डफ वाजवत राहिलात तर तासाभरात लोक जांभया देतील. डफ दोन-तीन ठिकाणीच वापरा.

जात्याची_घरघर

पंचवटीकर, आपल्या यादीत बायकांचे गाणे अजून आलेलेच नाही, याचे नवल वाटले. चौंडीच्या पाटलाची, माणकोजी शिंद्यांची लेक लहानपणी रोज पहाटे काय ऐकत असेल? जाते. त्या काळी घरोघरी जे गाणे होते ते दळणाचे होते, आणि त्याला वाद्यच लागत नाही, त्यामुळे तुमची पेटीची अडचणही मिटते.

आमच्या भजनी मंडळातल्या तिघी साठीच्या पुढच्या आहेत आणि तिघींनी लहानपणी खरोखर दळलेले आहे. त्यांना मंचावर उभे करून ओवी म्हणायला लावली तर त्या सुरेल पण निर्जीव म्हणतात. हाच प्रयोग आम्ही मागे एकदा जाते समोर ठेवून केला, तेव्हा ओवी बदलली. खुंटा ओढताना श्वास जिथे तुटतो तिथेच ओळ तुटते, आणि जात्याच्या मुखात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायला हात गेला की गाणे तेवढा वेळ थांबते. मग शेवटचा चरण दुसरी बाई उचलते. चाल चार-पाच सुरांच्या पलीकडे जात नाही. हे सगळे जात्याशिवाय जमत नाही. म्हणून खरे जाते आणा, त्यात खरी ज्वारी घाला, आणि ध्वनिक्षेपक बायकांच्या तोंडापेक्षा जात्याजवळ ठेवा. सुरुवातीला अंधारात नुसती घरघर ऐकू येऊ द्या.

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अशा लाखभर ओव्या गोळा करवल्या. त्यांत राजे-महाराजे शोधायला जाल तर निराश व्हाल. तिथे आहेत ते भाऊ, आई, सासुरवास आणि सीता. माझे मत असे की अहिल्याबाईंचे नाव घालून नवी ओवी रचू नये. माहेर सोडण्याची जुनी ओवी म्हणावी आणि निवेदकाने फक्त ‘‘चौंडी, १७३३’’ एवढेच म्हणावे. आठ वर्षांच्या मुलीचे लग्न तेवढ्याने कळते.

शंकेखोर

विरोधासाठी विरोध करत नाही, पण एक मूलभूत प्रश्न आहे. अठराव्या शतकातल्या ओवीची किंवा पोवाड्याची चाल कोणी लिहून ठेवलेली नाही, ध्वनिमुद्रण तर नव्हतेच. आपण ज्याला ‘त्या काळचे’ म्हणतो ते आपल्या आजीने म्हटलेले आहे, आणि आजीचा जन्म विसाव्या शतकातला. मग ‘पेटी नको’ या हट्टाने आपण काळाशी प्रामाणिक झालो असे मानणे ही स्वतःची फसवणूक नव्हे काय?

पंचवटीकर

शंका रास्त आहे आणि तिच्यामुळे अट नीट मांडता येईल. चालीबद्दल आम्ही कोणताही दावा करणार नाही, आणि हे कार्यक्रमाच्या आरंभीच सांगू. दावा करायचा तो तीन बाबतींत: वाद्य, गाण्याचा प्रकार, आणि ते गाणे कोणी कोणासमोर गायचे तो प्रसंग. यांतली तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जात्यावरची ओवी ऐकवण्यासाठी म्हटलेलीच नसते, गोंधळ देवीसमोर घालतात आणि पोवाडा दरबारात किंवा चावडीवर होतो. त्या त्या जागी ते ते गाणे गेले तर चाल थोडी अलीकडची असली तरी ऐकणाऱ्याला काळाचा अंदाज येतो. उलट दोनशे वर्षे जुनी चाल सापडली आणि ती चुकीच्या ठिकाणी वापरली, तर तिचा उपयोग काय?

जात्याची_घरघर, आपली सूचना तशीच्या तशी उचलतो. ताई, त्या तिघींशी बोलाल का?

मेंढरामागं

आमचे घराणे मेंढपाळाचे, आता सिडकोत राहतो. अहिल्याबाई धनगर घरातल्या आणि होळकरही धनगर, हे सगळे सांगतात. मात्र गाण्यांची वेळ आली की आमची ओवी कोणाला आठवत नाही, म्हणून लिहितो.

धनगरी ओवीला ‘सुंबरान मांडणे’ म्हणतात. तिच्यात आधी गायचे आणि मग तोच भाग बोलीत कथा म्हणून सांगायचा, पुन्हा गायचे, पुन्हा सांगायचे, अशी रात्र जाते. सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षे वाड्यावाड्यांवर बसून हे टिपत राहिले, कारण यात देव, पाणी, गवत, वाटा आणि भांडणे, सगळेच असते. तुमच्या कार्यक्रमाचे निवेदनच या पद्धतीने केले तर वेगळा निवेदक लागणार नाही. मात्र कोल्हापूर-सांगलीकडचा गजीनृत्याचा ताफा रुमाल-फेट्यांसह आणून ‘हे चौंडीचे’ म्हणू नका. मुलूख बदलला की ढोलाची पडण बदलते आणि बोलीही बदलते.

दुसरे म्हणजे बाणाई. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा वाण्याची आणि दुसरी बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव मेंढरे राखायला राहिला, अशी गाणी जागरणात वाघ्या-मुरळी म्हणतात. जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत, आणि अहिल्याबाईंच्या सासऱ्यांचे मल्हारराव हे नावही त्याच देवाचे. धनगराची पोर मोठ्या घरात आली आणि तिथे तिला मान मिळाला, ही गोष्ट १७३३ साली त्या वाड्यात कोणालाही परकी वाटली नसती, कारण त्यांचा देवच तसा वागला होता. लग्नाच्या प्रसंगाला ढोलताशापेक्षा जागरण शोभेल: तुणतुणे, खंजिरी, घोळ (हातातली घंटी) आणि भंडारा. लग्नानंतर जागरण घालायची रीत आजही घरोघरी आहे.

डफतुणतुणे

मेंढरामागं यांचे बाणाईचे सुचवणे शंभर टक्के पटले. मी मघाशी ते विसरलो, याची लाज वाटते.

निमाडात_दहा_वर्षे

नोकरीनिमित्त खरगोनला दहा वर्षे काढून नाशिकला परतलो आहे. वरची सगळी चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी टोचत होती: आपण सगळे मराठी गाण्यांत शोधतो आहोत. अहिल्याबाईंनी १७६७ साली कारभार हाती घेतला आणि १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे तो चालवला. ही सारी वर्षे नर्मदेकाठी महेश्वरला गेली, आणि महेश्वरची बोली निमाडी आहे. घाटावर धुणे धुणारी, होडी लावणारी, मागावर लुगडे विणणारी माणसे काय गात होती?

निमाडात संत सिंगाजींची भजने घराघरांत आहेत. सिंगाजी सोळाव्या शतकातले, त्यामुळे काळाची अडचण नाही, आणि भजन मृदंग-झांजेवर होते. चैत्रात गणगौरीची गाणी बायका म्हणतात, आपल्या चैत्रगौरीची जणू सख्खी बहीण. वर माळव्यात कबीराची निर्गुणी भजने तंबुऱ्यावर चालतात. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ओवी थांबवून एकदम निमाडी भजन सुरू झाले की प्रेक्षकाला न सांगता कळेल की बाई घरापासून किती दूर येऊन राज्य करत होत्या. भाषा पूर्ण समजली नाही तरी चालेल. ती त्यांनाही पहिल्यांदा समजली नसेल.

चांदवडची_लेक

आमच्या गावाचा उल्लेख येईपर्यंत थांबले होते, पण येईना! होळकरांचा रंगमहाल चांदवडला आहे, आणि डोंगरातल्या रेणुकामातेच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनीच केला. देवी आहे तिथे गोंधळ आहे. संबळ, तुणतुणे, झांज आणि हातात दिवटी. गोंधळी आधी गावोगावच्या देवांना नावे घेऊन बोलावतो. ती नावे घेताना कोणी काशी घेतो, कोणी जेजुरी, कोणी सप्तशृंगी. मला असे सुचते की त्यांच्या बांधकामांची यादी निवेदकाने वाचून दाखवू नये. १७८० च्या काशी विश्वनाथाच्या मंदिरापासून सोमनाथ, गया आणि आमच्या रेणुकेपर्यंत ती ठिकाणे गोंधळ्याच्या आवाहनात यावीत. प्रत्येक नावाला संबळाचा एक तोडा. वाचताना जी यादी कंटाळवाणी होते ती अशी अंगावर येते.

आणि एक विनंती. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले तो प्रसंग कृपया गाऊ नका. पुढच्या वाक्यात मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले, असे आपण सहज म्हणून जातो. त्याच बाईंची मुलगी मुक्ताबाई १७९१ मध्ये नवऱ्यामागे सती गेली आणि आईला ते थांबवता आले नाही. या दोन प्रसंगांवर कोणते गाणे म्हणणार? संबळ थांबवावा, दिवटी तेवढी पेटती ठेवावी.

सिन्नरचा_पाव्हणा

मी आलो होतो आमच्या बावीच्या परशरामाची शिफारस करायला. उत्तर पेशवाईतला हा शाहीर जातीने शिंपी, आणि सिन्नर तालुक्याला त्याचा विसर पडू नये असे मला वाटते. पण धागा वाचता वाचता पंचवटीकरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच लेखनात दिसले.

अख्खा कार्यक्रम अनंत फंदीला सांगू द्या. त्याचा जन्म १७४४ चा आणि मृत्यू १८१९ चा, म्हणजे अहिल्याबाईंहून तो एकोणीस वर्षांनी लहान आणि त्यांच्या पश्चात जवळपास पाव शतक जगलेला. पूर्वार्धात तो डफावर थाप मारत आला पाहिजे, तमासगीर म्हणून, थोडा उद्धट. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेल्यावर राघोबादादा इंदूरच्या गादीवर नजर ठेवून निघाले आणि बाईंनी त्यांना ‘बायकांशी लढून जिंकलात तरी कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही’ अशा अर्थाचा निरोप धाडला, असे सांगतात. तो चौक त्याने डफावर रंगवून गावा. दादांची आनंदवल्ली तर आपल्याच शहरात, गोदेच्या काठी आहे. नाशिकचे प्रेक्षक या जागी हसणारच. मग तो महेश्वरला पोचतो. वाटेत भिल्लांनी लुटले आणि नाव कळल्यावर सोडून दिले, हीही आख्यायिका आहे, ती त्याने स्वतःवर हसत सांगावी. बाई त्याला बोल लावतात. तो डफ मंचावर उपडा ठेवतो आणि मध्यंतर होते.

उत्तरार्धात तोच माणूस हातात चिपळ्या घेऊन, मागे वीणा आणि मृदंग घेऊन कीर्तनकार म्हणून उभा राहतो. मोरोपंतांनी अहिल्याबाईंवर आर्या केली आहे. पंत १७९४ ला गेले, म्हणजे ती स्तुती बाईंच्या हयातीतली आहे आणि आर्या तर कीर्तनात शोभतेच. डफ शेवटपर्यंत तिथेच पडून राहतो. लोकांचे लक्ष त्याच्याकडे जात राहील आणि तुम्हाला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

शंकेखोर

आख्यायिकेवर सगळा डोलारा उभा करणार, म्हणून हरकत घ्यायला बसलो होतो. परंतु आख्यायिका म्हणून सांगितली आणि सांगणाराच शाहीर असला, तर हरकत कशाला घ्यायची ते सापडत नाही. शाहीर वाढवून सांगणारच. मागे घेतो.

पंचवटीकर

चार दिवस उत्तर देता आले नाही, कारण वाचनालयाच्या बैठकीत हे सगळे मांडत होतो. आता ठरलेले सांगतो.

अंधारात जाते, मग चौंडीची ओवी. लग्नाला बाणाईचे जागरण. कुंभेरीला काहीही नाही. मेंढरामागं यांच्या पद्धतीने गाण्यातून बोलीत उतरायचे आणि गप्प व्हायचे. फंदी डफ घेऊन येणार आणि राघोबादादांचा चौक गाणार. तो चौक नव्याने रचावा लागेल, आणि डफतुणतुणे यांनी तो रचून द्यायचे कबूल केले आहे. मध्यंतरानंतर चिपळ्या, दोन निमाडी भजने, गोंधळाच्या आवाहनातून तीर्थांची नावे, मुक्ताबाईंच्या ठिकाणी पेटती दिवटी. शेवटी काय, यावर बैठकीत बराच वाद झाला. कोणाला आरती हवी होती, कोणाला जयजयकार. मी पुन्हा जात्याची घरघर सुचवली, ओवीविना, आणि तीच राहिली.

चांदवडच्या ताईंच्या ओळखीच्या गोंधळ्यांशी काल बोलणे झाले. पेटी नाही म्हटल्यावर त्यांतले वयस्कर गृहस्थ एकदम खुलले. म्हणाले, ‘‘माझ्या आज्यानं पेटी कधी शिवली नव्हती.’’ त्यांच्या मुलाचा चेहरा मात्र पडला, कारण पेटी तोच वाजवतो. त्याला झांज दिली आहे.

निमाडी भजनांसाठी तिकडचे गायक बोलावण्याचा खर्च आपल्याला जड जाईल. निमाडात_दहा_वर्षे, आपण स्वतः म्हणू शकाल का? चुकलात तरी चालेल, उच्चार मात्र तिथलेच हवेत.

निमाडात_दहा_वर्षे

गळा बेताचा आहे, पण दोन भजने येतात. माझी पत्नी तिकडचीच आहे. उच्चारांची जबाबदारी तिची. रविवारी येतो.

जात्याची_घरघर

तिघी तयार आहेत. मखमलाबादला आमच्या चुलत जावेच्या अंगणात जाते आहे, पाळ्या शाबूत आहेत आणि टाकी लावलेली आहे, म्हणजे छिन्नीने खाचा ताज्या केलेल्या आहेत. उचलायला चार माणसे आणि छोटा टेम्पो लागेल. खुंटा मात्र कुजला आहे, तो बाभळीचा नवा करून घ्या.